टायमिंग बेल्टची नोंद नसलेली डिझेल गाडी : बेल्ट तुटला तर इंजिन वाचेल का?

पंचगंगाकाठ

सर्वांना नमस्कार. मी कोल्हापुरात राहतो. गेल्या दिवाळीनंतर मी २०१३ सालची महिंद्रा व्हेरिटो, १.५ लिटर डिझेल, एका ओळखीच्या कुटुंबाकडून विकत घेतली. गाडी तेव्हा ९२,००० किलोमीटर चालली होती. सर्व्हिसची वही पहिली चार वर्षे नीट भरलेली आहे, पुढची पाने मात्र कोरी आहेत. मूळ मालक आता हयात नाहीत, त्यामुळे टायमिंग बेल्ट कधी बदलला, किंवा मुळात बदलला तरी का, हे सांगू शकेल असे कोणी उरलेले नाही.

आमच्या भागातील मेकॅनिकने बेल्टवरचे प्लॅस्टिकचे आवरण सैल केले, आत टॉर्च मारला, बेल्ट बोटाने दाबून पाहिला आणि "भेगा नाहीत, दात शाबूत आहेत, अजून दोन वर्षे बघायला नको," असे सांगितले. माझ्या मावसभावाला हे अजिबात मान्य नाही. त्याच्या म्हणण्यानुसार हे 'इंटरफिअरन्स' प्रकारचे इंजिन आहे आणि बेल्ट तुटला तर हेड (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) उतरवण्यावाचून गत्यंतर राहणार नाही. दुसरीकडे, माझ्या कार्यालयातील एका सहकाऱ्याच्या जुन्या पेट्रोल गाडीचा बेल्ट कराडच्या अलीकडे महामार्गावर तुटला होता. गाडी टो करून नेली, नवा बेल्ट बसवला आणि ते त्याच संध्याकाळी त्याच गाडीने घरी आले. दोघेही उगाच काही बोलणारी माणसे नाहीत. मग एकच भाग तुटल्यावर एक गाडी संध्याकाळी घरी येते आणि दुसरीचे इंजिन उघडावे लागते, असे का होते? आणि बेल्ट तुटल्यास इंजिन मोडणार हे ठाऊक असताना कंपन्या तशी रचना करतातच कशासाठी?

आई-वडिलांना घेऊन दर महिन्याला आंबा घाटाने रत्नागिरीला जाणे असते, म्हणून हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही.

स्लाइडरूल

तुमचा भाऊ आणि तुमचे सहकारी दोघेही खरे सांगत आहेत, कारण ते दोन निराळ्या रचनांबद्दल बोलत आहेत. मी पिंपरीत इंजिनांच्या आरेखन विभागात नोकरी करून निवृत्त झालो आहे. उत्तर थोडे लांबेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टचे (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचे) दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा (सिलिंडरच्या झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, उघडणाऱ्या दांड्याचा) एक फेरा होतो, आणि हे प्रमाण राखण्याचे काम टायमिंग बेल्ट किंवा टायमिंग चेन करते. पिस्टन सिलिंडरच्या माथ्याशी येतो तेव्हा व्हॉल्व्ह मिटलेले किंवा मिटत आलेले असावेत, आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडून आठ-दहा मिलिमीटर खाली उतरतो तेव्हा पिस्टन खाली गेलेला असावा, असा हा ठरलेला क्रम आहे. इंटरफिअरन्स इंजिनात उघडा व्हॉल्व्ह जी जागा व्यापतो, त्याच जागेत पिस्टनचा माथाही येतो. एकाच खोलीत दोन भाडेकरू पाळ्या लावून राहावेत, तसा हा प्रकार आहे. वेळापत्रक सुरळीत असेपर्यंत दोघांची कधी गाठ पडत नाही. दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे नॉन-इंटरफिअरन्स इंजिनात व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असला आणि पिस्टन अगदी वर आला, तरी दोघांमध्ये अंतर उरते. हे अंतर कधी दहनकक्ष उंच ठेवून मिळवलेले असते, तर कधी पिस्टनच्या माथ्यावर व्हॉल्व्हसाठी खोल खळगे कोरून. तुमच्या सहकाऱ्याच्या गाडीचे इंजिन बहुधा या प्रकारचे असावे.

आता बेल्ट तुटतो त्या क्षणाचा विचार करा. कॅमशाफ्टवर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांचा दाब असतो, त्यामुळे बेल्टची ओढ संपताच तो जवळजवळ लगेच थांबतो, आणि थांबताना काही व्हॉल्व्ह उघडे राहतातच. क्रँकशाफ्ट मात्र थांबत नाही, कारण गाडी गिअरमध्ये आहे आणि चाकेच इंजिनाला फिरवत आहेत. मिनिटाला ३,००० फेरे म्हणजे सेकंदाला ५० फेरे, म्हणजेच प्रत्येक पिस्टन सेकंदाला ५० वेळा वर येतो. क्लचवर पाय जाईपर्यंत एक सेकंद गेला, तरी उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर कितीतरी आघात झालेले असतात. खरे म्हणजे पहिल्या दोन-चार आघातांतच व्हॉल्व्हची दांडी वाकलेली असते.

तुमचे इंजिन डिझेल आहे, आणि डिझेलच्या बाबतीत मी पर्याय जवळपास विचारातच घेत नाही. व्हेरिटोतील इंजिन हे रेनॉचे १,४६१ सीसी 'के९के' कुटुंबातील आहे. गाडी नाशिकला बनली. पूर्वी ती लोगन या नावाने विकली जात असे. या इंजिनाच्या एका सिलिंडरचे आकारमान सुमारे ३६५ घनसेंटीमीटर येते. कॉम्प्रेशनचे प्रमाण, म्हणजे पिस्टन खाली असतानाची आणि वर असतानाची जागा यांचे गुणोत्तर, १८ : १ धरले, तर पिस्टन अगदी वर असताना त्याच्या डोक्यावर उरणारी एकूण जागा सुमारे २१ घनसेंटीमीटर, म्हणजे चहाचे चार चमचे भरतील इतकीच असते, आणि तीही बहुतेक सगळी पिस्टनच्या माथ्यातील वाटीत असते. हेडची खालची बाजू सपाट असते, व्हॉल्व्ह सरळ उभे असतात आणि पिस्टनचा काठ हेडपासून मिलिमीटरच्या आसपास अंतरावर येऊन परततो. आठ-नऊ मिलिमीटर उतरलेल्या व्हॉल्व्हला तेथे जागा मिळणार कुठून? १८ : १ ऐवजी १० : १ प्रमाणाचे पेट्रोल इंजिन घेतले, तर तेवढ्याच सिलिंडरमध्ये ४० घनसेंटीमीटर जागा उरते. म्हणून पेट्रोल इंजिनात दोन्ही प्रकार आढळतात, डिझेलमध्ये मात्र इंटरफिअरन्स हाच जवळजवळ नियम आहे.

कंपन्या असे का करतात, या प्रश्नाचे उत्तरही येथेच आहे. व्हॉल्व्हसाठी खोल खळगे ठेवले की कॉम्प्रेशन घटते, दहनकक्षाचा पृष्ठभाग वाढतो, त्या कोपऱ्यांत न जळलेले इंधन राहते, आणि मायलेज व धूर या दोन्ही परीक्षांत इंजिन मागे पडते. त्यात पुढे व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग आले. कॅम पुढे-मागे सरकू लागल्यावर पिस्टन वर असतानाही व्हॉल्व्ह बऱ्यापैकी उघडा असण्याची वेळ येऊ लागली आणि मोकळे अंतर राखणे आणखी अवघड झाले. त्यामुळे इंटरफिअरन्स हा रचनेतील दोष नाही. कार्यक्षमतेसाठी जाणूनबुजून केलेला तो सौदा आहे, आणि त्या सौद्यातील ग्राहकाच्या वाट्याची अट म्हणजे बेल्ट वेळेवर बदलणे. विक्रेते ही अट गाडी विकताना मोठ्याने सांगत नाहीत, अशी माझी जुनी तक्रार आहे.

एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवावी. इंजिन कोणत्या प्रकारचे आहे, यावर बेल्ट तुटण्याची शक्यता अवलंबून नसते, तुटल्यानंतरची किंमत अवलंबून असते. शक्यता ठरते बेल्टच्या वयावर आणि त्याच्या शेजाऱ्यांवर. त्याबद्दल गॅरेजमध्ये हात काळे केलेल्यांनी लिहिलेले बरे.

काटकसर

स्लाइडरूल यांचे विवेचन आवडले. मला त्यातून उलटा निष्कर्षही दिसतो. ज्याचे इंजिन नॉन-इंटरफिअरन्स आहे, त्याने बेल्ट तुटेपर्यंत चालवायला काय हरकत आहे? इंजिनाला इजा नाही आणि बेल्टचा शेवटचा किलोमीटरही वसूल होतो. या 'निर्धोक' इंजिनांसाठीही ठरावीक मुदतीचा आग्रह धरणे मला अनावश्यक वाटते.

तेरा नंबरचा पाना

काटकसर यांना घाटात गाडी चालवणारे कोणीतरी उत्तर देतीलच. मी प्रश्नकर्त्यांच्या मेकॅनिकबद्दल लिहितो. सांगलीत माझे छोटे गॅरेज आहे आणि या कामात मी तीस वर्षे आहे.

बोटाने दाबून आणि भेगा पाहून बेल्टची परीक्षा करण्याची पद्धत चुकीच्या काळातली आहे. पूर्वीचे बेल्ट निओप्रीनचे असत. ते म्हातारे झाले की पाठीवर बारीक भेगा पडत, कडा झिजत, त्यामुळे नजरेने पुष्कळ कळे. आताचे बेल्ट एचएनबीआर नावाच्या उष्णता सोसणाऱ्या रबराचे असतात, आणि आतील काचतंतूंच्या दोऱ्या थकल्या किंवा दाताच्या मुळाशी चीर गेली, तरी पाठ नव्यासारखी काळी आणि गुळगुळीत दिसते. भेगा दिसल्या तर बेल्ट बाद, इतके नक्की सांगता येते. भेगा दिसत नाहीत म्हणून तो चांगला, असे मात्र सांगता येत नाही. शिवाय झाकण अर्धे सैल करून बेल्टची वरची एक वीतच दिसते. बाकीचा बेल्ट, खालचे दात आणि आयडलर (बेल्टला वाट दाखवणारी, मोकळी फिरणारी पुली) कोणी पाहिला?

दुसरे म्हणजे, बेल्ट स्वतःहून तुटला असे होतेच असे नाही. माझ्याकडे आलेल्या कित्येक गाड्यांत बेल्टचा जीव दुसऱ्यानेच घेतलेला होता. टेन्शनरचे (बेल्ट ताणून धरणाऱ्या पुलीचे) किंवा आयडलरचे बेअरिंग कोरडे पडून अडकते आणि बेल्ट त्याच्यावर घासून वितळतो. कॅमशाफ्टच्या ऑइल सीलमधून तेल झिरपते आणि रबर फुगते. तुमच्या इंजिनात वॉटर पंपही याच बेल्टवर फिरतो, त्यामुळे पंपाचे बेअरिंग बसले की तो आपल्याबरोबर बेल्टला घेऊन जातो. म्हणून बेल्ट एकटा बदलू नये. बेल्ट, टेन्शनर, आयडलर आणि वॉटर पंप असे पूर्ण किट एकाच वेळी बसवावे. मजुरीचा मोठा भाग तिथपर्यंत पोहोचण्याचाच असतो. पंपाचे पैसे वाचवले आणि वर्षभरात तोच पंप गळला, तर तीच मजुरी पुन्हा मोजावी लागते.

तिसरी गोष्ट कंपनीच्या मुदतीची. किलोमीटर आणि वर्षे यांपैकी जे आधी पूर्ण होईल ते धरायचे असते. आपल्याकडे लोक फक्त किलोमीटर धरतात आणि "गाडी जास्त चाललीच नाही" असे सांगतात. रबर उभ्या गाडीतही म्हातारे होते. बाराव्या वर्षात आलेल्या, नोंद नसलेल्या गाडीचा बेल्ट मी मूळचाच समजतो आणि गाडी ताब्यात आल्याच्या पहिल्या आठवड्यात बदलतो. तुम्ही दिवाळीपासून आजपर्यंत चालवत आहात, हे वाचून मलाच थोडे अस्वस्थ वाटले.

चेनवाल्यांनी हसू नये. पद्मिनी आणि अँबॅसडरच्या काळात कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असे, चेन वीतभर लांबीची, आणि 'टायमिंग सुटले' हे वाक्य क्वचितच ऐकू येई. पुढे मारुती ८०० आली आणि तिच्याबरोबर कॅमला फिरवणारा रबरी पट्टा आमच्या हातात आला. आता कॅम वर गेल्यामुळे चेनही लांब झाली आहे, तिच्या टेन्शनरला तेलाचा दाब लागतो आणि तेल वेळेवर न बदलल्यास तिच्या कड्या झिजून ती लांबते. स्विफ्ट, पुंटो, इंडिका व्हिस्टा यांत आलेल्या १,२४८ सीसी डिझेलला चेन आहे, पण ते इंजिनही इंटरफिअरन्सच आहे. सकाळी पहिल्या सेल्फला दोन-तीन सेकंद खडखडाट ऐकू आला, किंवा स्कॅनरवर कॅम आणि क्रँक यांचा मेळ नसल्याचा पी ००१६ हा कोड आला, तर चेन आपली तक्रार सांगते आहे असे समजावे. चेन निदान आवाज करते. बेल्ट बिचारा शेवटपर्यंत गप्प असतो. याशिवाय तेलात भिजत फिरणाऱ्या बेल्टचा तिसरा प्रकारही आहे. फोर्ड इकोस्पोर्टच्या १.० लिटर इकोबूस्टमध्ये तो होता. त्यात चुकीचे तेल घातले की बेल्टचा भुगा होतो आणि तो ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतो. तो निराळा विषय आहे.

एडिसनवासी

मी न्यू जर्सीत राहतो. येथे नव्वदच्या दशकातील जपानी गाड्या अजूनही रस्त्यावर दिसतात, आणि या विषयाचा उत्तम धडा त्यांच्यात आहे. टोयोटा कॅमरीचे त्या काळातील २.२ लिटरचे '५एस-एफई' इंजिन नॉन-इंटरफिअरन्स आहे. त्याच वर्षांतील, त्याच आकाराच्या, त्याच पार्किंगमध्ये शेजारी उभ्या असणाऱ्या होंडा अकॉर्डचे २.२ लिटरचे इंजिन इंटरफिअरन्स आहे. दोन्ही पेट्रोल, दोन्ही चार सिलिंडरची, दोन्हींना बेल्ट. बाहेरून पाहून कोणालाही फरक सांगता येणार नाही. अकॉर्डमध्ये इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या बॅलन्स शाफ्टसाठी आणखी एक लहान बेल्ट असतो. तो जुना झाला आणि तुटून मुख्य बेल्टमध्ये गुंतला, तर मुख्य बेल्ट नवा असूनही उपयोग होत नाही. म्हणून येथील जाणकार दोन्ही एकदमच बदलतात.

'जपानी गाडी आहे, काही होत नाही' किंवा 'जुनी गाडी आहे, तिचे इंजिन मोकळे असणार' अशा ढोबळ नियमांवर विसंबू नये, एवढ्यासाठी हे सांगितले. माझदाच्या पहिल्या पिढीतील एमएक्स-५ या स्पोर्ट्स गाडीचे इंजिन जोरकस असूनही नॉन-इंटरफिअरन्स आहे. गेट्स ही बेल्ट बनवणारी कंपनी आपल्या सूचीत इंटरफिअरन्स इंजिनांपुढे तारकेची खूण करत आली आहे. अशी सूची इंजिनाच्या क्रमांकानुसार पाहावी, गाडीच्या नावानुसार नव्हे, कारण एकाच नावाच्या गाडीत निरनिराळ्या वर्षी निरनिराळी इंजिने बसवलेली असतात.

जाता जाता एक जुनी नोंद. मोठ्या संख्येने तयार झालेल्या मोटारीत कॅमशाफ्टसाठी दातेरी रबरी बेल्ट प्रथम वापरला तो १९६२ सालच्या ग्लास १००४ या जर्मन गाडीत. बव्हेरियातील ती कंपनी पुढे बीएमडब्ल्यूने घेतली. चेनपेक्षा शांत, हलका, स्वस्त आणि तेल न मागणारा भाग म्हणून त्याचे कौतुक झाले, आणि ते योग्यच होते.

घाटवाट

काटकसर यांच्या मुद्द्याला उत्तर देतो. 'निर्धोक' हा शब्द येथे चुकीचा आहे, कारण त्यात फक्त व्हॉल्व्हचा विचार आहे आणि गाडीत बसलेल्या माणसांचा नाही.

काही वर्षांपूर्वी कुंभार्ली घाट उतरताना माझ्या तेव्हाच्या डिझेल गाडीचा बेल्ट गेला. गाडीचे नाव सांगत नाही, कारण चूक माझीच होती; मुदत संपून दीड वर्ष झाले होते. मोठा आवाज वगैरे काही झाला नाही. एक 'टक्' ऐकू आले, डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागले आणि अ‍ॅक्सिलरेटर मेला. मी सवयीने क्लच दाबला आणि त्याच क्षणी इंजिनाचा ब्रेकही (गिअरमध्ये असताना इंजिन गाडीला करते तो रोध) गेला. ब्रेकचा पहिला दाब नेहमीसारखा लागला, दुसरा जड लागला आणि तिसऱ्या वेळी पेडल दगडासारखे झाले. पुष्कळ डिझेल गाड्यांत पायाचा जोर वाढवणाऱ्या ब्रेकच्या बूस्टरला लागणारी निर्वात पोकळी तयार करणारा पंप कॅमशाफ्टच्याच टोकावर बसवलेला असतो, हे मला नंतर कळले. कॅम थांबला की पंप थांबतो, आणि बूस्टरमध्ये साठलेल्या निर्वातावर दोन-तीन दाब निघतात. पेट्रोल गाडीतही इंजिन बंद पडले की तीच गत होते. स्टिअरिंगही जड होते.

त्यामुळे बेल्ट तुटल्याचा संशय आला तर ब्रेक पंप करू नये. एकदाच, ठामपणे, हळूहळू जोर वाढवत दाबावा आणि धरून ठेवावा. उतार असेल तर गाडी गिअरमध्येच राहू द्यावी. स्लाइडरूल म्हणतात त्याप्रमाणे इंजिनाचे जे व्हायचे ते पहिल्या आघातांतच झालेले असते, तेव्हा व्हॉल्व्ह वाचवण्याच्या आशेने इंजिनाचा ब्रेक सोडून देण्यात शहाणपण नाही. नॉन-इंटरफिअरन्स इंजिनाच्या मालकालाही घाटात नेमका हाच प्रसंग येईल. त्याची दुरुस्ती स्वस्तात होईल, पण पुढचे वळण त्याच्यासाठी सरळ होणार नाही.

काटकसर

मान्य. ब्रेकचा विचार मी केला नव्हता. मुंबईच्या सपाट रस्त्यांवर गाडी चालवणाऱ्याची ही मर्यादा समजावी.

पंचगंगाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. किट बदलण्याचे आजच ठरवले. तरीही दोन शंका राहतात. काम होईपर्यंत, देव न करो, पण बेल्ट तुटलाच तर पुढे काय करावे आणि काय करू नये? आणि काम करून घेताना मी कोणत्या गोष्टीकडे लक्ष ठेवावे? आमचे मेकॅनिक म्हणतात की जुन्या बेल्टवर आणि पुल्यांवर पांढऱ्या रंगाने खुणा करून त्याच जागी नवा बेल्ट बसवता येतो, वेगळ्या हत्यारांची गरज नाही.

तेरा नंबरचा पाना

आधी दुसऱ्या शंकेबद्दल लिहितो, कारण ती अधिक महत्त्वाची आहे. रंगाच्या खुणांवर बेल्ट बसवू देऊ नका. जुना बेल्ट आधीच एक दात सरकलेला असेल, तर ती चूकही जशीच्या तशी नव्या बेल्टवर उतरेल. क्रँकच्या चाकाला २० दात धरले, तर एक दात चुकणे म्हणजे क्रँकचे १८ अंश चुकणे. तेवढ्याने गाडी कदाचित सुरू होईल, पण धूर सोडेल, ओढणार नाही, आणि व्हॉल्व्ह-पिस्टनमधले आधीच तुटपुंजे अंतर आणखी घटेल. कॅमशाफ्ट आणि क्रँकशाफ्ट ठरलेल्या जागी पक्के धरणाऱ्या लॉकिंग पिना मिळतात. त्या असलेल्या गॅरेजमध्येच काम द्यावे. काही इंजिनांत तर पुलीला चावीची खाचच नसते, ती केवळ बोल्टच्या आवळणीवर बसते, आणि तेथे रंगाच्या खुणा म्हणजे फसवणूक ठरते. काढलेले बोल्ट नवे घ्यायचे की तेच चालतात, हे कंपनीच्या माहितीपत्रकात पाहून घ्यावे.

बेल्ट बसल्यावर पिना काढाव्यात आणि सेल्फ मारण्यापूर्वी क्रँकचा बोल्ट पान्याने धरून इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवावे. मध्ये कोठे अडले तर जोर करू नये. तेथे पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांना भेटले आहेत, असे समजून पुन्हा पहिल्यापासून बसवावे. दोन फेऱ्यांनंतर पिना सहज आत गेल्या, तर टायमिंग बरोबर आहे. ही पाच मिनिटे न देणाऱ्या गॅरेजमधून गाडी परत आणावी, असे मी स्वतः गॅरेजवाला असूनही सांगतो.

आता पहिली शंका. बेल्ट तुटल्यावर सेल्फ मारला, तर इंजिन नेहमीपेक्षा हलके आणि भरभर फिरते, कारण बरेचसे कॉम्प्रेशन गेलेले असते. असा आवाज आला की किल्ली काढून ठेवावी. "एकदा अजून बघू" म्हणून पुन्हा सेल्फ मारणे, चार माणसे लावून धक्का मारणे, किंवा गिअरमध्ये टाकून दुसऱ्या गाडीने ओढणे, यांतून वाचलेले व्हॉल्व्हही वाकतात. गाडी न्यूट्रलमध्ये टो करावी किंवा ट्रकवर चढवून न्यावी.

पेट्रोल इंजिन असेल आणि ते मोकळ्या जातीचे असल्याची खात्री असेल, तर नवा बेल्ट बसवून कॉम्प्रेशन तपासता येते. इंटरफिअरन्स पेट्रोल इंजिनातही संथ गतीत, उभ्या गाडीत बेल्ट तुटला असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा भरून गळती पाहण्याची परीक्षा आधी करावी; क्वचित नशीब साथ देते. तुमच्या डिझेलमध्ये मात्र हेड उतरवण्याची तयारीच ठेवावी. त्यात व्हॉल्व्हच्या डोक्यावर थेट टॅपेटचे कप (कॅम ज्यांवर दाबतो ते) आहेत, मध्ये रॉकर (कॅमचा जोर व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या छोट्या तरफा) नाहीत. रॉकरवाल्या इंजिनात अनेकदा रॉकर आधी मोडतात आणि थोडा आघात पोटात घेतात. येथे तो आघात सरळ कॅमपर्यंत जातो. हेड उतरवल्यावर सर्व व्हॉल्व्ह, त्यांचे गाइड, कॅमशाफ्ट आणि पिस्टनचे माथे तपासून घ्यावेत. वाकलेला व्हॉल्व्ह लेथवर सरळ करून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नये. आघात झालेल्या व्हॉल्व्हचे डोके पुढे केव्हा तुटून सिलिंडरमध्ये पडेल, याचा भरवसा नसतो, आणि मग पिस्टनसुद्धा वाचत नाही.

स्लाइडरूल

या उत्तराला एकच पुरवणी जोडतो. आपण किट बदलून घ्याल, तेव्हा जुने भाग मागून घ्या आणि घरी नेऊन निवांत पाहा. आयडलर कानाशी धरून फिरवला की बेअरिंगचे वय कळते.

पंचगंगाकाठ

सोळा दिवसांनी पुन्हा लिहितो आहे. शिरोली औद्योगिक वसाहतीजवळ लॉकिंग पिना असलेले एक गॅरेज मिळाले आणि काल काम पूर्ण झाले. मधल्या काळात गाडी जागेवरून हलवली नाही. तिकडे टो करून नेली, त्यामुळे शेजाऱ्यांनी गाडी बिघडली असे समजून माझे सांत्वन केले.

जुने भाग मी मागून घेतले. बेल्टच्या पाठीवर भेग नाही, दात शाबूत आहेत. म्हणजे आमच्या पहिल्या मेकॅनिकने जे पाहिले ते खोटे नव्हते. मात्र बेल्ट उलटा वळवून दोन दातांमधील खोबण उघडली, तेव्हा एका ठिकाणी दाताच्या मुळाशी नखाने जाणवेल इतकी चीर सापडली. ती नेमकी खालच्या बाजूला होती, जिथे टॉर्चचा प्रकाश पोहोचला नव्हता. पाठीवरची छपाई पुसट झाली असली, तरी इंजिन बनवणाऱ्या कंपनीचे चिन्ह वाचता येते, त्यामुळे हा बेल्ट कारखान्यातूनच आलेला असावा, असे गॅरेजवाल्यांचेही मत पडले. स्लाइडरूल काकांच्या सांगण्याप्रमाणे आयडलर कानाशी धरून फिरवला, तर आत वाळू असल्यासारखा आवाज येतो. वॉटर पंपाच्या गळती दाखवणाऱ्या छिद्राखाली वाळलेल्या कूलंटची रेघ होती.

हाताने दोन फेरे माझ्यासमोर फिरवून दाखवले. कोठे अडले नाही, आणि पिना पुन्हा सहज बसल्या. शनिवारी आम्ही रत्नागिरीला निघतो आहोत. बेल्ट बदलल्याची तारीख आणि ९४,३१० हा किलोमीटरचा आकडा लिहून तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे, आणि सर्व्हिसच्या वहीतील कोऱ्या पानांपैकी पहिल्यावर तोच मजकूर शाईने लिहिला आहे.